पश्चिमेची भिंत : उघड्या काँक्रीटवर सिलेन लावण्याच्या कामाच्या नोंदी (रत्नागिरी, २०२४-२५)

इमारत रत्नागिरीतली, तळमजला अधिक तीन मजले, सोळा बिऱ्हाडं. बांधकाम १९९६ चं. पश्चिमेची भिंत आणि जिन्याचा बुरूज मुद्दाम बिनगिलाव्याचे, बिनरंगाचे ठेवलेले. साच्यातून निघालं तसं काँक्रीट. तेव्हाच्या वास्तुरचनाकाराला ते आवडलं असेल. भिंतीतून बाहेर आलेल्या काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या आणि प्रत्येक मजल्यावर छज्जा. समोर दोन प्लॉट, रस्ता आणि मग समुद्र. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही आडवा. सोसायटीने काम माझ्याकडे सोपवलं कारण मी बांधकाम खात्यात नोकरी केली आणि आता घरी असतो. सिलेन म्हणजे काँक्रीटच्या छिद्रांत मुरून पाणी आत येऊ न देणारं औषध. अशीच भिंत कुणाला सांभाळायची असेल तर या नोंदी उपयोगी पडतील म्हणून लिहून ठेवतो आहे.

१९ ऑक्टोबर २०२४

परतीचा पाऊस थांबला. हातोडी आणि खडू घेऊन, जिथे हात पोचतो तिथे भिंत ठोकून पाहिली. वरचं गच्चीतून वाकून आणि शेजारच्या इमारतीतून दुर्बिणीने पाहिलं. बुरूज ठणठणीत आहे, फक्त शेवाळाने काळा पडलाय. उभ्या पट्ट्यांची तब्येत वेगळी. खालच्या मीटरभर भागात पोकळ आवाज, कडेला केसासारख्या उभ्या भेगा, त्यातून तांबडे ओघळ. एके ठिकाणी खपली हातात आली आणि आतली सळई दिसली, पापुद्रे सुटलेली.

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर आतून ओल आहे. ती पावसाळ्यापुरतीच असते, असं सगळे म्हणतात.

संध्याकाळच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, दुकानात ट्रान्स्परंट वॉटरप्रूफिंग मिळतं, तेच एकदा फासून टाकू." फासण्याआधी भिंतीच्या आत काय आहे ते बघू, एवढंच ठरवून घेतलं.

२ नोव्हेंबर

तपासणी झाली. कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेचा माणूस येऊन ड्रिलने वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी घेऊन गेला होता. ताज्या फोडलेल्या जागेवर फिनॉफ्थॅलिनचा फवारा आम्हीच मारला. सळईला गंजू न देणारा काँक्रीटमधला अल्कलीपणा शाबूत असेल तिथे ते गुलाबी होतं, नसेल तिथे रंग येत नाही.

बुरुजावर बाहेरचा १० ते १२ मिमीचा थर बिनरंगी राहिला, पुढे गुलाबी. सळई त्याच्या मागे आहे, म्हणजे सुरक्षित. पट्ट्यांमध्ये सळईवरचं कव्हरच (सळईबाहेरच्या काँक्रीटची जाडी) जेमतेम १५ ते २० मिमी, आणि गुलाबीपणा सळईपर्यंत कुठेच नाही. आजच्या आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला 'सिव्हिअर' वर्ग लागतो, म्हणजे किमान ४५ मिमी कव्हर आणि एम-३० प्रतीचं काँक्रीट. हे बांधकाम त्याआधीचं.

क्लोराइडचा, म्हणजे सळई गंजवणाऱ्या मिठाचा अहवाल: बुरुजात सळईच्या खोलीवर ०.३ किलो प्रति घनमीटर, पट्ट्यांत १.२. आयएस ४५६ मध्ये काँक्रीट ओततानाची मर्यादा ०.६ आहे. म्हणजे पट्ट्यांत मीठ आधीच सळईला जाऊन भिडलंय.

यावरून कामाचे दोन तुकडे पडले. बुरूज आणि मधली सपाट भिंत नीट आहे, तिथे पाणी आत येणं थांबवलं की काम झालं. पट्ट्यांवर आधी दुरुस्ती, मग लेप. सिलेन आत शिरलेलं मीठ बाहेर काढत नाही आणि गंजलेली सळई बरी करत नाही. ओल कमी झाल्यावर गंजाचा वेग मंदावतो, तेवढाच फायदा. हे सोसायटीला लेखी दिलं, नाहीतर दोन वर्षांनी पट्टीची खपली पडली की "एवढे पैसे घालून काय झालं" हे ऐकावं लागेल.

९ नोव्हेंबर

कंपाउंडच्या भिंतीचा पश्चिमेकडचा भाग त्याच वयाचा, तशाच काँक्रीटचा. त्यावर हात-हात रुंदीचे नमुने लावले. पाण्यात मिसळलेलं सिलोक्झेन (सिलेनच्याच कुळातलं, १० टक्के), सॉल्व्हंटमधलं, म्हणजे उडून जाणाऱ्या द्रवातलं सिलेन (४० टक्के), सिलेनची क्रीम (८० टक्के), आणि अध्यक्षांच्या मनासाठी दुकानातला चकचकीत ॲक्रिलिक क्लिअर कोट. एक चौकोन तसाच कोरा.

सिलेनचा वास स्पिरिटसारखा येतो. काँक्रीटमधल्या ओलाव्याशी त्याची क्रिया होताना इथेनॉल सुटतो, त्यात सॉल्व्हंटची भर. वॉचमन विडी पेटवून बघायला आला, त्याला लांब बसवला.

२४ नोव्हेंबर

दोन आठवड्यांनी नमुने तपासले. पाणी शिंपडून बघितलं तर सगळीकडे अळूच्या पानावर नाचावेत तसे थेंब. बघणारे खूश, पण त्यावरून काही कळत नाही. म्हणून आखीव काचेची नळी मागवली होती. नळी भिंतीला चिकटवायची, ५ मिलि पाणी भरायचं आणि वीस मिनिटांत किती आत गेलं ते वाचायचं.

चिकटवण्यातच अर्धी सकाळ गेली. काँक्रीट खरबरीत, कडेने पाणी झिरपतं आणि वाटतं भिंतच पितेय. सुताराची लांबी (पुट्टी) हातात मऊ करून जाड वळी लावली तेव्हा कुठे जमलं. लांबीतल्या तेलाचा गोल डाग मात्र राहतो, आणि उघड्या काँक्रीटवरून तो जात नाही. नळी दर्शनी भागावर लावू नका.

कोऱ्या चौकोनाने अकरा मिनिटांत नळी रिकामी केली. १० टक्के सिलोक्झेन ०.९ मिलि, सिलेन ०.२, क्रीम ०.१. क्लिअर कोट ०.३. अध्यक्ष लगेच म्हणाले, "मग हा काय वाईट? आणि चमकतो पण." आकड्यावरून वाईट नाहीच. पण तो वर बसणारा थर आहे, भिंतीच्या आतल्या बाजूला न्हाणीघरं आहेत आणि तिकडून येणारी ओल बाहेर निघायला वाट हवी. सिलेन छिद्रं बुजवत नाही, छिद्रांच्या कडांना पाणी चिकटू देत नाही. वाफ येत-जात राहते. माझं म्हणणं बैठकीत अर्धवटच पटलं. महिन्याभराने भिंतीनेच ते पटवून दिलं, ते पुढे येतंच.

निर्णय: सपाट भिंतीला आणि बुरुजाला ४० टक्क्यांचं सिलेन, छज्ज्यांच्या खालच्या बाजूला क्रीम. तिथे पातळ द्रव लावला तर निम्मा लावणाऱ्याच्या अंगावर.

५ डिसेंबर

परांची बांधून झाली, पट्ट्यांची फोडाफोड सुरू. गंजलेल्या सळईच्या मागे बोट जाईल इतकं फोडायला सांगितलं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, समोरून साफ केलं तरी चालतंय की." चालत नाही. मागचा गंज तसाच राहिला की तोच नवा गिलावा ढकलून देतो. सळई वायर ब्रशने पांढरी केली, जस्ताचा प्रायमर, मग पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल) थराथराने.

फेंगल वादळ पुदुच्चेरीकडे आदळलं आणि त्याचे ढग इथवर आले. दोन दिवस सरी. ओल्या मॉर्टरवर प्लास्टिक धरून उभे राहिलो, तरी एका पट्टीचा वरचा थर धुऊन गेला. तो काढून पुन्हा भरला.

अशा दुरुस्तीत आणखी एक मेख असते. पट्टीचा एक तुकडा नवा, शेजारचा जुना आणि खारट, म्हणून गंज नव्या तुकड्याच्या कडेला सुरू होऊ शकतो. हा धोका पूर्ण काढायचा तर सगळी पट्टी नव्याने ओतावी लागली असती. तेवढे पैसे नव्हते. दरवर्षी त्या कडा ठोकून बघायच्या, असं ठरलं.

१५ डिसेंबर

आज सिलेनशी काही संबंध नसलेलं काम, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोगाचं. जिन्यातली ओल कुठून येते ते सापडलं. गच्चीच्या पाण्याचा पाइप छज्ज्यावर मोकळा सोडलेला आणि छज्ज्याला उतार भिंतीकडे! पावसाळाभर तिथे पाणी साचून असायचं. साचलेल्या पाण्यापुढे सिलेन टिकत नाही, ते वाहून जाणाऱ्या पावसासाठी आहे. पाइप खालपर्यंत नेला, छज्ज्यावर मॉर्टरने उलटा उतार केला. सगळ्या छज्ज्यांच्या खाली कडेला ड्रिप मोल्ड (पाणी कडेलाच खाली टपकवणारी पट्टी) नव्हतेच, पाणी खालून वळून सरळ भिंतीवर यायचं. ते बसवले.

हे आधी केलं नसतं तर जूनमध्ये जिना ओला आणि दोष सिलेनला.

२२ डिसेंबर

धुलाई. शेवाळावर आधी ब्लीचिंगचं पाणी, मग जेट. जेटचा जोर कमी ठेवा. पहिल्या तासाभरात मिस्त्रीच्या माणसाने एके ठिकाणी सिमेंटचा वरचा पापुद्रा उडवून खडी उघडी केली. साच्याच्या फळ्यांच्या उठलेल्या रेषा हीच या भिंतीची शोभा, ती तेवढ्या जागी गेली.

धुताना दुसऱ्या मजल्यावरच्या एका मोठ्या चौकोनात पाणी मुरतच नव्हतं. चौकशी केली तर तिथे राहणाऱ्या काकूंना आठवलं, दहा-बारा वर्षांपूर्वी मालकाने स्वतःच्या खर्चाने "काहीतरी चमकणारं" लावून घेतलं होतं. जवळून पाहिलं: काही ठिकाणी थर पांढुरका, खाली फोड, फोडाखाली भिंत ओली. नखाने उचकटला की दुधाच्या सायीसारखा निघतो. बाकीच्या जागी मात्र घट्ट. अध्यक्षांना परांचीवर चढवून दाखवलं. क्लिअर कोटचा विषय तिथेच संपला.

पण तो काढणं सोपं नव्हतं. थर असेल तिथे सिलेन आत जाणार नाही. पेंट रिमूव्हर, खरवडणी, पुन्हा धुणं. चार माणसांचा जवळपास आठवडा त्या एका चौकोनात गेला. कामाच्या आधी भिंतभर पाण्याचा ओला हात फिरवून जिथे डाग गडद होत नाही त्या जागा नोंदवून ठेवा, म्हणजे हा खर्च अंदाजपत्रकात येईल.

११ जानेवारी २०२५

थांबणं. माणसं रोज विचारतात, काम बंद का? परांचीचं भाडं चालू आहे, ते मलाही बोचतं. पण छिद्रांत पाणी असेल तर सिलेनला शिरायला जागा नाही. शिवाय नवा पॉलिमर मॉर्टर २८ दिवसांचा व्हायला हवा.

वाळलं की नाही ते बघायला दीड फुटी चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून संध्याकाळी सोडतो, सकाळी बघतो. दक्षिणेकडे कोरडं. न्हाणीघरांच्या पट्ट्यात आतून दव धरलेलं. दोन न्हाणीघरांत नळाच्या जोडातून गळती निघाली, ती त्या त्या घरमालकांनी करून घेतली. एकाने लगेच, दुसऱ्याने बऱ्याच विनवण्यांनी.

२५ जानेवारी

लावायला सुरुवात. आदल्या दिवशी भिंतीवर नुसता कोरडा ब्रश फिरवून खारवट धूळ झाडली.

वेळेचं गणित इथल्या वाऱ्यावर आहे. पहाटे दव असतं, भिंत हाताला गार-ओलसर लागते. साडेआठ-नऊला ती कोरडी होते. तोवर मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे, तोही मंद. अकरा-साडेअकराला खारे वारे सुरू झाले की फवारा भिंतीवर कमी आणि आपल्या तोंडावर जास्त, आणि सिलेन आत जाण्याआधी उडून जातं. पश्चिमेची भिंत दुपारपर्यंत सावलीत असते, हे आपलं नशीब. म्हणजे दिवसाला कामाचे तास दोन-अडीच. ठेकेदाराने पूर्ण दिवसाची मजुरी धरली होती, त्यावरून वाद झाला. शेवटी चौरस फुटावर दर ठरला.

पद्धत: कमी दाबाचा बागेचा पंप, खालून वर. पंपाची धार जिथे लागते तिथून हातभर खाली ओघळेल इतकं भरपूर. फवाऱ्याचं धुकं होता कामा नये.

डब्यावर ३०० मिलि प्रति चौरस मीटर लिहिलंय. भिंतीने ३८०-४०० घेतलं. एकूण क्षेत्र ३०० चौरस मीटर, आणले होते २० लिटरचे पाच कॅन. आणखी दोन मागवले, ते येईपर्यंत पुन्हा थांबणं.

१ फेब्रुवारी

दुसरा हात पहिला ओला असतानाच द्यायचा असतो. आज उत्तरेच्या भागात पहिला हात झाला आणि माणसं जेवायला बसली. दोन तासांनी आली. तोवर पहिल्याची क्रिया सुरू झाली होती. दुसरा हात भिंतीने घेतलाच नाही, घळाघळा खाली. निम्मा कॅन जमिनीवर. वर ओघळांचे पांढुरके पट्टे उमटले, ते सॉल्व्हंटच्या फडक्याने तेव्हाच्या तेव्हा पुसले तेवढे गेले, बाकीचे अजून आहेत.

उद्यापासून उंचीने छोटे तुकडे. एक मजला, एका दमात दोन्ही हात, आणि मगच जेवणाचा डबा उघडायचा.

९ फेब्रुवारी

खिडक्यांना प्लास्टिक लावलं होतं, पण तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीचं वाऱ्याने सुटलं. काचेवर बारीक शिंतोडे वाळले. सिलेन काचेलाही धरतं, ती धुरकट झाली, कशानेच निघत नाही. काच बदलून दिली. खालच्या मोटारी रोज सकाळी हलवल्या जात होत्या, त्यामुळे त्या वाचल्या. कुंड्याही झाका.

२३ फेब्रुवारी

सपाट भिंत आणि छज्ज्यांच्या खालची क्रीम, सगळं झालं. बुरुजाच्या मागच्या बाजूला, जिथे कुणाचं लक्ष जात नाही, ५० मिमीचा गाभा (काँक्रीटचा गोल नमुना) काढला, मधोमध फोडला, ताज्या तोंडावर पाणी शिंपडलं. आतलं काँक्रीट लगेच काळपट झालं आणि बाहेरच्या कडेला ५ मिमीची फिकट कोरडी पट्टी उरली. सिलेन गेलं ते तेवढं. युरोपीय मानक ईएन १५०४-२ मध्ये १० मिमीच्या आत आणि १० मिमी व वर असे दोन वर्ग आहेत, आपण पहिल्यात. दुसरा गाभा दुरुस्त केलेल्या पट्टीवरचा. तिथे पॉलिमर मॉर्टर घट्ट, कोरडी कड दीड मिमीसुद्धा नाही. अपेक्षित होतं.

नळीने बुरुजावर ०.२, सपाट भिंतीवर ०.२ ते ०.३, आणि उत्तरेच्या त्या जेवणाच्या सुट्टीच्या भागात ०.७. तिथे पुन्हा लावून फायदा नाही. झालेल्या जागेत नवं सिलेन आता शिरणार नाही.

हिशोब:

परांची आणि धुलाई ७२,०००
पट्ट्यांची दुरुस्ती ९६,०००
पाइप, उतार, ड्रिप मोल्ड २१,०००
सिलेन, सात कॅन ६३,०००
क्रीम १४,०००
लावण्याची मजुरी २४,०००
प्लास्टिक, टेप, हातमोजे, मास्क, काच ६,५००
एकूण २,९६,५०० रुपये, दर बिऱ्हाडामागे साडेअठरा हजार.

तपासणीचे पैसे सोसायटीच्या दुरुस्ती निधीतून वेगळे गेले. भिंतीवर मुरलेल्या औषधाचा खर्च चौथ्या हिश्शाच्या आसपास. कुणी "चौरस फुटाला अमुक" असा नुसत्या औषधाचा दर सांगितला तर त्यात बाकीचं काय धरलंय ते आधी विचारा.

२७ मे

यंदा मान्सून मेच्या शेवटच्या आठवड्यातच कोकणात उतरला. परांची वेळेत निघाली ते बरं. भिंतीवर पहिल्या सरी पडताना सगळे खाली उभे. थेंब टणटण उडत होते. जिन्यात ओल नाही.

२० जुलै

जिना कोरडा. सपाट भिंत पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात फिकट होते, आधी दोन-दोन दिवस काळी राहायची. उत्तरेचा भाग जास्त वेळ काळा राहतो, नळीने सांगितलं होतं तसंच. एका जुन्या भेगेतून दुसऱ्या मजल्यावर आत पाणी आलं. भेग जेमतेम अर्ध्या मिमीची. सिलेन भेग सांधत नाही, केसाएवढ्या भेगेपलीकडे त्याचा उपयोग नाही. ती शेवाळाखाली झाकली गेली होती आणि धुतल्यावर पांढऱ्या भिंतीवर कुणाच्या नजरेस आली नाही. पावसाळा संपला की लवचीक सीलंट.

१२ ऑक्टोबर

तक्रार आली: "भाऊ, आता थेंब बनत नाहीत, औषध गेलं." खरंच, वरच्या मजल्यांवर पाणी शिंपडलं की पसरतं, रंगही जरा गडद होतो. नळी लावली, वीस मिनिटांत ०.३. अगदी वरच्या तोंडावरचा परिणाम उन्हाने आणि धुळीने जातो, आतला पाच मिलिमीटरचा थर काम करतच असतो. अध्यक्षांनी स्वतः घड्याळ लावून वीस मिनिटं नळीकडे बघितलं.

पट्ट्यांच्या कडा ठोकल्या. एके ठिकाणी, नव्या-जुन्याच्या सांध्याच्या वर, आवाज बदललाय. खडूने खूण करून तारीख घातली. भेगेत सीलंट भरून झालं.

उरलेला अर्धा कॅन पुढच्या वेळेसाठी ठेवला होता. उघडून पाहिलं तर दाट गोळा. एकदा सील फुटलं की हवेतल्या दमटपणानेच त्याची क्रिया होत राहते, आणि रत्नागिरीच्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. पूर्वेची भिंत पुढच्या जानेवारीत करायची आहे, तेव्हा कॅन लागतील तसे मागवायचे, आधी आणून ठेवायचे नाहीत.